किशोरवयीन मुलांच्या मातांमधील मानसिक ताणाचे मापन

डोके दुखते, रात्री झोप लागत नाही, अशा तक्रारी घेऊन आलेल्या मातेशी थोडे अधिक बोलल्यास पुष्कळदा घरातील किशोरवयीन मुलाचा विषय निघतो. हा ताण रक्तदाबाप्रमाणे यंत्राने मोजता येत नाही. त्यासाठी प्रश्नावलीचा आधार घ्यावा लागतो.

शेल्डन कोहेन व सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये मांडलेली ‘जाणवणाऱ्या ताणाची मापनश्रेणी’ जगभर वापरली जाते. तिच्या १० प्रश्नांच्या आवृत्तीत गेल्या महिन्यातील मनःस्थिती विचारली जाते. ‘कधीच नाही’ यास ०, ‘फार वेळा’ यास ४, याप्रमाणे बेरीज ० ते ४० येते. गुण जितके अधिक, तितका जाणवणारा ताण अधिक. मात्र चार प्रश्न अनुकूल अर्थाचे असल्याने त्यांचे गुण उलटे धरावयाचे असतात. हे विसरल्यास, त्या चारही प्रश्नांना ‘फार वेळा’ असे उत्तर देणाऱ्या निश्चिंत मातेच्या नावावर १६ गुण अकारण चढतात.

ही श्रेणी ताण किती आहे हे सांगते, तो कोठून येतो हे सांगत नाही. त्यासाठी शेरास, अबिडिन व कोनोल्ड यांनी १९९८ मध्ये ११ ते १९ वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी ११२ प्रश्नांची स्वतंत्र प्रश्नावली सिद्ध केली. मुलाचे वर्तन, पालकाचे स्वतःचे आयुष्य आणि दोघांमधील नाते यांचा तीत वेगवेगळा विचार होतो. हा भेद महत्त्वाचा आहे. कारण मूळ नात्यातील अबोल्यात असेल, तर केवळ मातेला झोपेची गोळी देऊन प्रश्न सुटत नाही.

प्रश्न कोणासमोर विचारले जातात, यावरही उत्तर अवलंबून असते. पती, सासूबाई अथवा मुलगा शेजारी बसला असता ‘सगळे ठीक आहे’ हेच उत्तर मिळण्याचा संभव अधिक. म्हणून प्रश्न एकांतात विचारावेत. वाचता न येणाऱ्या मातेस ते सावकाश वाचून दाखवावेत. दहावीच्या परीक्षेच्या दिवसांत गुण अधिक आल्यास काही आठवड्यांनी पुन्हा मापन करावे.

हे गुण म्हणजे रोगनिदान नव्हे आणि मातृत्वाचे प्रगतिपुस्तक तर नव्हेच. अधिक गुण ही संवादाची सुरुवात समजावी. जगणे नकोसे झाल्याचे मातेने सांगितल्यास मात्र बेरजेची वाट न पाहता मानसोपचारतज्ज्ञांची मदत तात्काळ घ्यावी. १४४१६ या क्रमांकावर ‘टेली-मानस’ ही शासकीय विनामूल्य सेवा अहोरात्र उपलब्ध आहे.