कानाची वरची कड टोचून घेताना

कानाची पाळी आणि कानाची वरची कड एकाच कानाचे भाग असले, तरी टोचण्याच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या जागा आहेत. पाळीत फक्त त्वचा आणि मेद असतो, रक्तपुरवठा भरपूर असतो आणि जखम साधारण 6 ते 8 आठवड्यांत भरते. वरच्या कडेत कूर्चा असते. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, तिचे पोषण वरच्या पातळ आवरणातून होते. त्यामुळे इथले छिद्र पूर्ण भरायला 6 ते 12 महिने लागतात, आणि जंतू शिरले तर त्यांच्याशी लढण्याची तिथली ताकद तोकडी पडते. तान्हेपणी सोनाराने सोन्याच्या तारेने टोचलेल्या आणि आठ-पंधरा दिवसांत बऱ्या वाटू लागलेल्या कानांचा अनुभव इथे कामाला येत नाही. ‘लहानपणी कुठे काय झालं होतं?’ हा घराघरांतला दिलासा म्हणूनच चुकीचा आहे.

महाराष्ट्रात कडेचे टोचणे नवे नाही. बायकांची बुगडी आणि पुरुषांची भिकबाळी हे दोन्ही दागिने वरच्या भागातच घालतात. कर्णवेध हा सोळा संस्कारांपैकी एक. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील 16 व्या अध्यायात कान टोचण्याचा विधी आहे. कानातून उन्हाचा प्रकाश आरपार दिसतो ती जागा निवडावी आणि चुकीच्या जागी टोचल्यास वेदना, ताप, सूज येते, असे तिथे सांगितले आहे. जागा पाहिल्याशिवाय हात चालवू नये, ही समज इतकी जुनी आहे.

चांगल्या स्टुडिओतील काम ठरलेल्या क्रमाने चालते. आधी आजार, ॲलर्जी, चालू औषधे विचारून संमतिपत्र भरून घेतात. मग कानावर खूण करून आरसा हातात देतात आणि होकार मिळाल्यावरच पुढे जातात. टोचणारा हात धुतो, नवे हातमोजे घालतो आणि निर्जंतुक सुईचे बंद पाकीट समोर फोडतो. सुई पोकळ असते. कडेसाठी सहसा 16 गेजची, म्हणजे सुमारे 1.2 मिलिमीटर जाडीची, किंवा 18 गेजची, म्हणजे 1 मिलिमीटरची. पहिला दागिना सरळ दांडीचा आणि सपाट पाठीचा असावा. सूज येणार हे धरून दांडी थोडी लांब ठेवतात आणि काही आठवड्यांनी आखूड दांडी बसवतात. कान टोचण्याची गन या कामासाठी योग्य नाही. ती बोथट दांडी स्प्रिंगच्या जोराने घुसवते, त्याने कूर्चेला इजा होते. शिवाय प्लास्टिकची गन ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने, साधारण 121 अंश सेल्सिअसला, निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, घालता येत नाही.

प्रस्तुत लेखिकेने आजीची मोत्याची बुगडी घालता यावी म्हणून पुण्यातील एका स्टुडिओत उजव्या कानाची कड टोचून घेतली. फोनवर ‘सुईच वापरतो, टायटॅनियमच घालतो’ असे स्पष्ट सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात सुई आधीच उघडी ट्रेमध्ये पडलेली होती. टोचणाऱ्याने काळे हातमोजे घातले, त्याच हातांनी दिवा ओढला, ड्रॉवर उघडला, वाजणारा मोबाईल उचलून पुढच्या गिऱ्हाइकाला वेळ दिली आणि त्याच हातांनी कान धरला. आरसा दाखवला नाही. सरळ दांडीऐवजी काचेच्या कपाटातून एक बाळी काढून घातली गेली. विचारल्यावर उत्तर आले, ‘मॅडम, सर्जिकल स्टील आहे, सगळ्यांना हेच घालतो.’ खोली चकचकीत होती आणि भिंतीवर प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेले होते. त्या दोन गोष्टींनी तोंड बंद केले. सुई आत जायला तीन सेकंद लागले असतील. 2,500 रुपये घेतले गेले, पण पावतीवर दागिन्याच्या धातूचा उल्लेखही नव्हता.

पहिले दोन आठवडे थोडी लस येणे, खपली धरणे, दुखणे हे सगळे अपेक्षेप्रमाणे झाले. सोळाव्या दिवशी कानात ठणका सुरू झाला. दुसऱ्या दिवशी कड लाल, गरम आणि इतकी सुजलेली होती की बाळी मांसात रुतली. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी प्रथम पाळी दाबून पाहिली. ती अजिबात दुखत नव्हती. वरचा भाग सुजणे पण पाळी न सुजणे ही कूर्चेच्या आवरणाच्या संसर्गाची, म्हणजे पेरिकॉन्ड्रायटिसची, ठळक खूण आहे, कारण पाळीत कूर्चाच नसते. नंतर डॉक्टरांनी तीन प्रश्न विचारले. सुईचे पाकीट समोर फोडले का? धातू कोणता? हातमोजे बदलले का? तिन्ही उत्तरे लेखिकेला ठाऊक होती. तिन्ही गोष्टी डोळ्यांसमोर घडल्या होत्या आणि तेव्हाच खटकल्या होत्या. खटकूनही खुर्चीतून न उठणे ही त्या दिवसाची लेखिकेची एकमेव चूक आहे. त्या दिवसाच्या बाकीच्या चुका तिच्या नाहीत.

पुवाच्या तपासणीत स्यूडोमोनास एरुजिनोसा हा जंतू सापडला. कूर्चेच्या संसर्गात तो वारंवार आढळतो आणि अनेक नेहमीची प्रतिजैविके त्याच्यावर चालत नाहीत. त्याला ओल आवडते. 2000 साली अमेरिकेतील ओरेगन राज्यात एकाच ठिकाणी कानाची कड टोचून घेतलेल्यांमध्ये हाच संसर्ग पसरला होता आणि तिथे जंतुनाशकाची बाटलीच दूषित निघाली होती. बाटलीवर ‘जंतुनाशक’ लिहिले म्हणून आतले द्रव्य निर्जंतुक असते असे नाही. लेखिकेच्या कानाला छोटा छेद देऊन पू काढावा लागला, बाळी काढली गेली आणि सिप्रोफ्लॉक्सासिनचा पूर्ण कोर्स झाला. कान वाचला. कडेला मात्र एक खळगा कायमचा राहिला.

स्टुडिओला कळवल्यावर पहिले उत्तर आले, ‘बाकी कोणाला झालं नाही.’ दुसरे, ‘तुम्ही पाणी लागू दिलं असेल.’ लेखिकेकडे रोज दोनदा सलाईनने कान धुतल्याच्या वेळा वहीत लिहिलेल्या होत्या आणि तारखांसह फोटो होते. ते पाठवल्यावर उत्तरे थांबली. आठवड्याने एक निरोप आला: दुसरा कान टोचून घेतल्यास वीस टक्के सवलत. माफीचा शब्द त्यात नव्हता. जखमेची जबाबदारी गिऱ्हाइकाच्या निगेवर ढकलण्याची ही रीत सोयीची आहे, कारण बहुतेकांकडे वही नसते.

यावरून काही गोष्टी पक्क्या ठरतात. वेळ ठरवताना ऑटोक्लेव्ह आहे का आणि त्याची जंतुचाचणी नियमित होते का, हे विचारावे. नुसती निळ्या दिव्याची पेटी त्याची जागा घेऊ शकत नाही. पाकिटावरचा रंग बदलणारा पट्टा पाहावा. पाकीट आधीच फोडलेले असेल, तर दुसरे मागावे. हातमोज्यांनी मोबाईल, दिवा किंवा खुर्ची धरली गेली, तर ते बदलायला सांगावे. कुरबूर झाली, तर उठावे. आगाऊ भरलेली रक्कम बुडाली तरी ती उपचारांपेक्षा स्वस्तच पडते.

पहिल्या दागिन्यासाठी एएसटीएम एफ136 या मानकाचे टायटॅनियम किंवा निकेलविरहित 14 वा 18 कॅरटचे भरीव सोने घ्यावे. ‘सर्जिकल स्टील’ हा शब्द स्वतःहून कसलीच हमी देत नाही. त्यात निकेल असते. छिद्रात घालायच्या दागिन्यातून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे 0.2 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटू नये, अशी मर्यादा युरोपीय संघाने घातली आहे. मुलामा दिलेला दागिना नव्या जखमेत घालू नये. धातूचे नाव पावतीवर लिहून घ्यावे.

निगा साधी असते. हात धुऊन, औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या 0.9 टक्के सलाईनने दिवसातून दोनदा जागा धुवावी आणि स्वच्छ गॉजने टिपावी. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड, हळद-तेल यांपैकी काहीही लावू नये. दागिना फिरवू नये. त्या कुशीवर झोपू नये. दुचाकीवाल्यांचा प्रश्न वेगळा आहे. हेल्मेट काढताना कडेवर ओढ बसते, म्हणून दोन्ही बाजू फाकवून ते सावकाश काढावे. घामाने किंवा पावसाने भिजलेला स्कार्फ कानावर बांधून ठेवू नये. टोचण्यासाठी पावसाळा टाळता आला तर उत्तम. आहार सकस असावा, झोप पुरेशी घ्यावी.

धनुर्वाताची लस आणि हिपॅटायटिस बीचे डोस पूर्ण झाले आहेत का, हे आधीच पाहावे. मधुमेह असलेल्यांनी, रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी आणि ज्यांच्या जखमांवर केलॉईड वाढतात त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कड टोचू नये.

पारदर्शक लस आणि खपली नेहमीची आहे. वाढता ठणका, पसरणारी लाली, घट्ट पू, ताप किंवा कानाचा आकार बदलणे यांपैकी काहीही दिसले, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे. स्टुडिओला फोटो पाठवून उत्तराची वाट पाहण्यात एक रात्रही घालवू नये. लेखिकेची एक रात्र तशीच गेली. आवरणाखाली पू साचला की कूर्चेचे पोषण तुटते आणि मेलेली कूर्चा परत येत नाही. दागिना ठेवायचा की काढायचा, हे डॉक्टरांनी ठरवावे.

संसर्ग होऊन गेलेल्या जागी पुन्हा छिद्र पाडायचे असल्यास व्रण पूर्ण मऊ होईपर्यंत थांबावे आणि जागा डॉक्टरांना दाखवूनच निवडावी. मोत्याच्या बुगडीचे वजन नव्या छिद्राला सोसत नाही. छिद्र वर्षभराचे होईपर्यंत ती घालू नये. ज्यांना छिद्रच नको, त्यांच्यासाठी सराफाकडे चापाची बुगडी मिळते आणि जुन्या बुगडीची फिरकी काढून तिला चाप बसवूनही मिळतो. लेखिकेने आजीच्या बुगडीला तसाच चाप बसवून घेतला आहे. ती आता डाव्या कानात घातली जाते.