विद्यापीठ ग्रंथालयांचे भवितव्य व माहिती साक्षरता

गेल्या जयंतीस आपल्या मंडळाने महाविद्यालयीन गटासाठी वक्तृत्व स्पर्धा घेतली होती. जवळजवळ प्रत्येक स्पर्धकाने भाषणाचा शेवट बाबासाहेबांच्या त्या सुप्रसिद्ध तीन शब्दी संदेशाने केला, ज्यात शिक्षण आधी, संघटन मग आणि संघर्ष शेवटी येतो. परीक्षकांच्या बाजूने आम्ही एका मुलास सहज विचारले, "हे बाबासाहेब कोठे बोलले? कोणत्या साली?" मुलगा एम. ए.च्या पहिल्या वर्षाचा, चुणचुणीत. तो म्हणाला, "सर, गुगलवर आहे." सभागृहात हशा पिकला. खरे सांगायचे तर त्या क्षणी आम्हांस कोणी उलट विचारले असते, तर आम्हांसही उत्तर देता आले नसते.

ही गोष्ट मनाला लागून राहिली. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांच्या लेखनाचे व भाषणांचे इंग्रजी खंड आम्ही चाळावयास घेतले. दोन रविवार गेले. अखेर सतराव्या खंडाच्या तिसऱ्या भागात तो संदेश सापडला. जुलै १९४२ मध्ये नागपूर येथे भरलेल्या अखिल भारतीय दलित वर्ग परिषदेतील भाषणाच्या शेवटी बाबासाहेबांनी तो दिलेला आहे. मात्र तेथे क्रम निराळा आहे. शिक्षणानंतर चळवळ येते आणि संघटन त्यानंतर येते. शिवाय त्यास जोडूनच स्वतःवर विश्वास ठेवण्याचा उपदेश आहे, जो आपल्या फलकांवर सहसा नसतो. क्रम बदलल्याने अर्थ बदलतो की नाही, यावर जाणकारांनी खुशाल वाद घालावा. आमचे म्हणणे इतकेच की, वाद घालण्यासाठी मूळ मजकूर आधी समोर असावा लागतो.

आम्ही बँकेत कारकुनी करतो. तेथे व्हाउचरशिवाय खात्यात नोंद होत नाही. साहेबांनी तोंडी सांगितले तरी होत नाही. मग विचारांच्या व्यवहारात आपण बिनव्हाउचरच्या नोंदी वर्षानुवर्षे कशा करीत आलो?

माहितीची गरज ओळखणे, ती नेमकी शोधणे, पारखणे आणि कोठून घेतली ते सांगून वापरणे, या कौशल्यास माहिती साक्षरता म्हणतात. अमेरिकेत पॉल झुरकोवस्की यांनी १९७४ साली ही संज्ञा प्रथम वापरली. संज्ञा नवी असली तरी तिच्या मुळाशी असलेला प्रश्न आपणांस अपरिचित नाही. अंगुत्तर निकायाच्या तिकनिपातात कालाम सुत्त आहे. केसपुत्त गावचे कालाम लोक तथागतांना विचारतात की, येथे अनेक श्रमण व ब्राह्मण येतात, आपलेच मत थोर म्हणतात व दुसऱ्याचे हिणवितात. आम्ही कोणाचे खरे मानावे? ऐकीव गोष्ट, परंपरा, ग्रंथप्रामाण्य किंवा गुरूची प्रतिष्ठा एवढ्यावरच विसंबू नका, असे भगवान त्यांना सांगतात. गंमत अशी की, याच सुत्ताचा जो अवतार भ्रमणध्वनीवर फिरतो, त्यात आपल्या बुद्धीला पटेल तेवढेच घ्यावे असे म्हणून विषय संपविलेला असतो. मूळ सुत्तात नुसता तर्कसुद्धा अपुरा ठरविलेला आहे. एखादी गोष्ट अंगीकारल्याने हित होते की अहित, सुज्ञ लोक तिची निंदा करतात की प्रशंसा, हे स्वतः जाणून मग ती स्वीकारावी वा सोडावी, असा पुढचा भाग आहे. तोच गाळला जातो. ऐकीव गोष्टीवर विसंबू नका हा उपदेशही आपण ऐकीवच घेतो, याला काय म्हणावे!

बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेत ग्रंथ मिळविणे हीच मोठी अडचण होती. न्यूयॉर्क व लंडन येथे पोटाला चिमटा घेऊन जमविलेली पुस्तके १९१७ साली परतीच्या वेळी त्यांनी मालाबरोबर बोटीने पाठविली आणि महायुद्धात ती बोट पाणतीराने बुडाली. पुढे दादरला राजगृह बांधताना त्यांनी ग्रंथांसाठी जागा राखली. १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या रुपयाविषयीच्या प्रबंधात सरकारी अहवाल, चौकशी समित्यांपुढील साक्षी, आकड्यांची कोष्टके यांचे आधार जागोजागी आहेत. लंडनच्या ग्रंथालयांत बसून एकेक कागद तपासल्याशिवाय असे लेखन होत नाही.

आज अडचण उलटी झाली आहे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'एक राष्ट्र, एक सदस्यता' ही योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके आणि ६,३०० हून अधिक शासकीय उच्चशिक्षण व संशोधन संस्था, असा तिचा पसारा आहे. पीएच.डी.चे प्रबंध शोधगंगा या संकेतस्थळावर घरबसल्या वाचता येतात. तालुक्याच्या शासकीय महाविद्यालयातील मुलीलाही आता जगातील नामांकित नियतकालिकांचे दार उघडे झाले, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु दार उघडे आहे हे त्या मुलीला कोणी सांगितले काय? आणि आत गेल्यावर हजारो लेखांतून आपल्या कामाचा एक कसा निवडावा, हे तिला कोण शिकविणार?

हे शिक्षण हुशारीने आपोआप येत नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी १० इतिहासतज्ज्ञ, १० व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि स्टॅनफर्डचेच २५ पदवी विद्यार्थी यांना काही संकेतस्थळे पारखावयास दिली होती. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे दिसले की, विद्यार्थीच नव्हे तर इतिहासाचे विद्वानही पानाची सुबक मांडणी आणि भारदस्त नाव पाहून फसले. तथ्यतपासनीस मात्र ते पान फारसे वाचतच बसले नाहीत. ते लगेच बाहेर पडले आणि ही संस्था कोण, हिच्याविषयी इतर काय म्हणतात, हे त्यांनी दुसरीकडे पाहिले. एवढी एक सवय वर्गात शिकविता येते. तिला महागडे यंत्र लागत नाही.

आता तर विचारताक्षणी निबंध लिहून देणारी यंत्रे आलेली आहेत. ती अस्तित्वातच नसलेल्या ग्रंथाचे नाव, लेखक आणि पृष्ठ क्रमांकही तितक्याच आत्मविश्वासाने देतात. २०२३ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयात वकिलांनी अशा यंत्राने रचलेले खोटे निवाडे दाखले म्हणून सादर केले आणि त्यांना ५,००० डॉलर दंड झाला. वकिलांची ही गत, तर प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याचे काय?

प्रश्न केवळ निबंधाचा नाही. आमच्या वस्तीतील एका मुलीला शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत वाढल्याचा संदेश मोबाईलवर आला. खाली कोणाची सही नाही, तारीख नाही. मुलगी निर्धास्त राहिली. मुदत वाढलेली नव्हती. तिच्या वडिलांना त्या वर्षीच्या फीसाठी पतपेढीचे कर्ज काढावे लागले. शासन निर्णयाच्या शेवटी एक संकेतांक छापलेला असतो आणि तो शासनाच्या संकेतस्थळावर टाकला की मूळ निर्णय समोर येतो, एवढे तिला कोणी दाखविले असते तर? पंधरा वर्षांच्या तिच्या शिक्षणात ती दहा मिनिटे कोठेच बसली नाहीत.

म्हणून विद्यापीठ ग्रंथालयाचे भवितव्य ग्रंथसंख्येवर मोजू नये, असे आम्हांस वाटते. विद्यापीठ अनुदान आयोगाने संशोधन व प्रकाशन नैतिकता हा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम २०१९ मध्ये ठरविला, पण तो पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी. म्हणजे जिन्याची शिकवण आपण वरच्या मजल्यावर पोहोचलेल्यांनाच देतो! आपली बहुतेक मुले बी. ए., बी. कॉम. करून नोकरीच्या शोधात बाहेर पडतात. ती तेथवर जातच नाहीत. हे शिक्षण प्रथम वर्षातच द्यावयास हवे, आणि तेही वर्षारंभी ग्रंथालयातून एक फेरी मारून आणण्यापुरते नव्हे. इतिहासाच्या प्राध्यापकाने आणि ग्रंथपालाने मिळून एक वाक्य द्यावे व विद्यार्थ्याने त्याचा मूळ ठावठिकाणा शोधून आणावा. त्यास गुण असावेत. गुण नसतील तर मुले करणार नाहीत. आम्हीही केले नसते. त्यासाठी ग्रंथपालास शिक्षक मानावे लागेल आणि मुळात तो नेमावा लागेल. ग्रंथपालाची जागा वर्षानुवर्षे रिकामी ठेवून शिपायाच्या हाती किल्ली देणारी महाविद्यालये आम्ही पाहिली आहेत.

सर्व काही संगणकावर आले, आता इमारत कशाला, असे म्हणणारेही आहेत. त्यांच्या घरी बहुधा अभ्यासाची स्वतंत्र खोली असावी. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसे, दूरदर्शन संच आणि शिलाई मशीन यांच्यामध्ये बसून वाचणाऱ्या मुलाला विचारा. त्याला ग्रंथालयातील टेबल, दिवा, पंखा आणि रात्री आठपर्यंतची शांतता हवी असते. नियतकालिके तारेवरून आली तरी ही शांतता तारेवरून येत नाही. ग्रंथांच्या कपाटांची जागा कमी होईल ती होवो, पण ती वाचकांच्या टेबलांना मिळावी.

आपल्या मंडळाच्या अभ्यासिकेत आम्ही लहानशी सुरुवात केलेली आहे. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मुले एकेक वाक्य किंवा संदेश आणतात आणि सर्वजण मिळून त्याचे मूळ शोधतो. सापडले तर ग्रंथ, खंड व पृष्ठ वहीत लिहितो. न सापडल्यास तसेही लिहितो. आजवर वहीत 'न सापडलेले' अधिक आहेत, आणि त्यांपैकी काही वाक्ये आमच्याच मंडळाच्या जुन्या फलकांवरील आहेत.

या वर्षीच्या वक्तृत्व स्पर्धेच्या प्रवेश अर्जात एक रकाना वाढविलेला आहे: भाषणात वापरलेली अवतरणे कोठून घेतली. अर्ज मंडळाच्या कार्यालयात सायंकाळी सात ते नऊ या वेळेत मिळतील. शासनाच्या खंडांचा संच अभ्यासिकेतच बसून पाहावयाचा आहे. सतराव्या खंडाचा तिसरा भाग ज्यांनी घरी नेला आहे, त्यांनी कृपया तो परत आणून द्यावा.