पंडिता रमाबाईंचा पाठ : शारदा सदनापाशी थांबू नका, केडगावला या



पंडिता रमाबाई आपण वर्गात कशा शिकवतो? बहुतेक वेळा पाच-सहा ओळींत. जन्म १८५८. संस्कृतच्या ज्ञानामुळे कलकत्त्यात मिळालेली ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ ही बिरुदं. १८८२ साली आर्य महिला समाज, १८८९ साली शारदा सदन. मग रिकाम्या जागा भरा, जोड्या जुळवा, झालं! पण त्यांच्या शाळेची खरी गोष्ट त्यापुढेच आहे. ती घडते पुणे जिल्ह्यातल्या दौंड तालुक्यात, केडगाव स्टेशनजवळच्या एका माळावर. ही शाळा म्हणजे नुसत्या वर्गखोल्या नव्हत्या. तिथली विहीर, शेत, छापखाना हे सगळं शाळेचाच भाग होतं. म्हणून हा पाठ व्यक्तीपासून नाही, तर आवारापासून सुरू करावा असं मला वाटतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. पहिल्या विद्यार्थिनींमध्ये एक बालविधवा होती, गोदूबाई. याच पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई म्हणजे बाया कर्वे झाल्या. मुलांना हे सांगितलं की हिंगण्याची संस्था आणि शारदा सदन हे दोन वेगळे धडे राहत नाहीत. आपल्या प्राथमिकवाल्यांच्या जिव्हाळ्याची गोष्ट म्हणजे रमाबाईंनी अमेरिकेत असताना फ्रोबेलच्या बालवाडी पद्धतीचं शिक्षण घेतलं होतं. वस्तू हाताळत शिकायचं, पाठ करत नाही, हा विचार त्या तेव्हा घेऊन आल्या. (आज आपण त्याला ‘कृतियुक्त अध्ययन’ म्हणतो आणि त्यावर प्रशिक्षणं घेतो!)

आता अवघड भाग. रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. शारदा सदन मात्र धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, मुलींना आपले उपास, सोवळं-ओवळं पाळायची मोकळीक असेल, असं ठरलं होतं. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करत आणि दार उघडं असे. काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. पालकांमध्ये चलबिचल झाली, ‘केसरी’तून टिळकांनी कडक टीका केली. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले. बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या.

हा प्रसंग आपण वर्गात गाळतो, कारण भीती वाटते. माझं मत वेगळं आहे. चौथी-पाचवीचं मूल ‘त्या ख्रिश्चन का झाल्या?’ हे विचारतंच. तेव्हा गप्प बसलो तर ते उत्तर कुठूनतरी दुसरीकडून मिळवतं. दोन्ही बाजू साध्या शब्दांत सांगाव्यात. पालकांचा प्रश्न खोटा नव्हता, विश्वासाने पाठवलेल्या मुलीवर काय संस्कार होतात हे विचारायचा त्यांना हक्क होता. आणि दार लावून प्रार्थना करा असं बाईंना सांगणं हेही सोपं नव्हतं. पण काढून नेलेल्या मुलींपैकी ज्या विधवा होत्या, त्यांच्यासाठी दुसरी शाळा कुठे होती? हा प्रश्न मात्र मुलांसमोर जरूर ठेवावा. पालकहो, मिशनच्या शाळेत प्रवेशासाठी आपणही अर्ज भरतो आणि मनात हीच शंका धरून असतो. घरी बोलायला हा विषय चांगला आहे.

शाळेपुढे पैशाचाही प्रश्न होता. अमेरिकेतल्या मदतनीसांनी १० वर्षांसाठी मदत कबूल केली होती. ती संपल्यावर काय? म्हणून रमाबाईंनी पुण्यापासून ३४ मैलांवर केडगावला १०० एकरांच्या आसपास जमीन घेतली, विहिरी खणल्या, फळबाग लावली. बागेच्या उत्पन्नावर शाळा चालावी हा हिशोब. मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि ३०० च्या आसपास अनाथ, उपाशी मुली-बायका घेऊन आल्या. तेवढ्यात पुण्यात प्लेग. एवढ्या नव्या मुली शहरात ठेवायची परवानगी मिळेना, तेव्हा त्यांना केडगावच्या शेतावर तंबूत ठेवावं लागलं. हेच मुक्ती सदन. हे मात्र सुरुवातीपासून उघडपणे ख्रिस्ती होतं. पुढे गुजरातच्या दुष्काळानंतर इथली संख्या २,००० च्या घरात गेली.

विचार करा, यातल्या बहुतेक मुलींना अक्षरओळख नाही, अंगात ताकद नाही, भाषा वेगवेगळ्या. शिकवायला कोण? शारदा सदनात आधी शिकलेल्या मुली आणि बायका. शिकणं आणि काम एकत्रच चाले: विणकाम, शिवण, दूधदुभतं, तेलाचा घाणा, शेती. छापखान्यात बायका स्वतः खिळे जुळवत. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं सोप्या मराठीत केलेलं भाषांतर याच छापखान्यात छापलं गेलं. अंध मुलींसाठी ‘बार्तीमी सदन’ होतं (बार्तीमी हा बायबलमधला आंधळा माणूस). रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाई ब्रेल शिकल्या होत्या, त्यांनी या मुलींना वाचायला शिकवलं. शारदा सदनही पुढे केडगावलाच आलं आणि मनोरमाबाईंच्या देखरेखीखाली त्याचं हायस्कूल झालं. १९१२ साली या माय-लेकींनी निजामाच्या राज्यातल्या गुलबर्ग्यालाही एक ख्रिस्ती हायस्कूल काढलं. मनोरमाबाई १९२१ मध्ये गेल्या आणि रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला.

वर्गात काय करता येईल? मी एक कृती सुचवते. १ एकर म्हणजे ४० गुंठे आणि १ गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद जागा. मैदानावर दोरी आणि चुन्याने १ गुंठा आखून घ्या. मुलांना आत उभं करा. मग १०० एकरांत असे किती चौकोन बसतील ते काढू द्या (४,०००). ३४ मैलांचे किलोमीटरही होऊन जातील, जवळपास ५५. त्यानंतर कागदावर केडगावचा काल्पनिक नकाशा: विहीर, बाग, शाळा, माग, छापखाना, प्रार्थनामंदिर. विहीर आधी काढायची की शाळा, यावर गटात वाद होऊ द्या. दुष्काळी भागातली मुलं विहिरीच्या बाजूने जोरात भांडतात, हे सांगून ठेवते.

क्षेत्रभेट न्यायची असेल तर संस्थेला आधी पत्र लिहून परवानगी घ्या. तिथे आजही महिला आणि मुली राहतात, ते त्यांचं घर आहे. त्यामुळे ५० मुलांचा गोंगाट नको, आणि तिथल्या मुलींचे मोबाइलवर फोटो तर अजिबात नकोत, हे मुलांना बसमध्ये बसण्याआधीच सांगा. सोबतच्या पालकांनाही.