नाव काढलं, तरी माणूस सापडतो

प्रश्न : सोसायटीच्या आरोग्य शिबिरातली माहिती नावं काढून एका कंपनीला द्यायची आहे. चालेल का?

उत्तर : नाही. १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये सरकारी कर्मचाऱ्यांच्या उपचारांच्या नोंदी अशाच ‘निनावी’ करून संशोधकांना दिल्या होत्या; जन्मतारीख, लिंग, पिनकोड मात्र तसेच होते. लटान्या स्वीनी या विद्यार्थिनीने २० डॉलरला तिथल्या केंब्रिज शहराची मतदारयादी घेतली. तिथेच राहणाऱ्या गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची जन्मतारीख असलेले यादीत सहाच जण, त्यांत पुरुष तीन, आणि वेल्ड यांच्या पिनकोडात ते एकटेच. झालं, आजारपणाची नोंद हाती!

यावर उपाय म्हणून आकड्यांत मोजूनमापून चूक मिसळणारी ‘डिफरन्शियल प्रायव्हसी’ ही पद्धत २००६पासून आहे. पण छोट्या यादीत तिने आकडेच निकामी होतात. म्हणून किती जणांना मधुमेह, एवढी बेरीजच द्या. जन्मतारीख, फ्लॅट नंबर नकोच. आणि त्याआधी रहिवाशांची लेखी संमती घ्या.