चुन्याची गोणी उघडू नकोस

अगं, फोनवर तू घाईत होतीस, म्हणून नीट बोलता आलं नाही. आता जरा निवांत बस आणि ऐक. पोर्चमध्ये आणून ठेवलेली ती चुन्याची गोणी तशीच राहू दे. दुकानदार परत घेत असेल तर परत कर, नाहीतर पुढेमागे ओट्याची भिंत पांढरी करायला होईल. मातीत मात्र चिमूटभरही टाकू नकोस.

पाइनच्या झाडाखाली माती आंबट होते, चुना टाकल्याशिवाय गवत धरत नाही, असं तुला ज्यांनी सांगितलं त्यांनी तुझ्या भल्यासाठीच सांगितलं असणार. पण तो सल्ला थंड, पावसाळी मुलखातला आहे. तुझं घर आहे छत्रपती संभाजीनगरच्या सातारा परिसरात, खंडोबाच्या डोंगराच्या अंगाला. इथली जमीन वेगळी, पाणी वेगळं, आणि झाडंसुद्धा वेगळी.

झाडांचंच आधी बघ. मागच्या कुंपणाला ओळीनं उभी आहेत ती पाइन नाहीत, सुरू आहेत. खात्री करायची तर खाली पडलेली एक ‘सुई’ उचल आणि दोन्ही टोकं धरून हलकेच ओढ. ती सांध्यावर टचकन सुटेल. तो सांधा डोळ्यांजवळ धरलास की त्याच्याभोवती बारीक दातेरी कडं दिसेल. ते इवलेसे दात म्हणजे सुरूची खरी पानं. आपण जिला पान समजतो ती खरं तर हिरवी काडी आहे. पाइनची सुई अशी सांध्यासांध्यावर सुटत नाही. फाटकाजवळचं झाड, जे नर्सरीत ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून मिळतं, ते अरोकेरिया. त्याचं माहेर प्रशांत महासागरातली बेटं. खरा पाइन बघायचा तर हिमालयात चीड बघ, नाहीतर मेघालयात खासी पाइन.

आणि खऱ्या पाइनच्या बाबतीतही ही समजूत अर्धीच खरी आहे. झाडावरून नुकत्याच पडलेल्या सुया आंबट असतात, पण कुजता कुजता जिवाणू आणि बुरशी तो आंबटपणा संपवतात. फरक पडलाच तर अगदी वरच्या थरात, तोही थोडा. जिथे पाइनखालची माती आम्लधर्मी निघते, तिथे ती बहुतेक वेळा झाडाच्या आधीपासूनच तशी असते. गवत न येण्याचं कारण सहसा वेगळंच असतं: वरून सावली, खालून झाडाच्या मुळांनी ओढून घेतलेलं पाणी, आणि मधे सुयांचा जाड थर. तुझ्या सुरूखालीही नेमकं हेच झालंय. यातलं एकही कारण चुन्यानं हटत नाही.

आता आपल्या मातीचं. अगं, आपला अख्खा जिल्हा काळ्या बसाल्टवर बसलाय. वेरूळची लेणी ज्या खडकात कोरली तोच खडक झिजून आपली काळी माती झाली. या खडकात चुन्याचा अंश भरपूर, आणि पाऊस वर्षाला जेमतेम ७०० मिलिमीटरच्या आसपास. एवढ्या पावसानं चुना धुऊन जात नाही, तो मातीतच साचतो. म्हणून नांगरटीत पांढरे चुनखडीचे खडे वर येतात. मातीचा आंबटपणा मोजतात त्याला सामू म्हणतात. ७ म्हणजे मधला, त्याखाली आम्लधर्मी, त्यावर विम्लधर्मी. आपल्याकडच्या काळ्या जमिनी बऱ्याचदा ८ च्या आसपास असतात. एका आकड्याचा फरक म्हणजे दहापट, हे लक्षात ठेव.

घरच्या घरी बघायचंय? बागेतलं एक कोरडं ढेकूळ बशीत चुरून घे आणि त्यावर चमचाभर व्हिनेगर टाक. नसेल तर लिंबू पीळ. मग कान जवळ ने. बारीक सर्र असा आवाज आला आणि बुडबुडे उठले, तर मातीत मोकळा चुना आहे. मातीत मुळातच आहे तोच आपण गोणीनं विकत आणायचा का, तूच सांग.

हाच चुना कोकणात मात्र उपयोगी पडतो. तिथे जांभा दगड, आणि पाऊस तीन-तीन हजार मिलिमीटर. तो पाऊस मातीतले क्षार धुऊन नेतो आणि माती आम्लधर्मी होते. दापोलीकडे कुणी चुना टाकायला सांगितला तर मान डोलाव.

तुझ्या बाबतीत आणखी एक शंका आहे मला. घर नवीन आहे. बांधकाम संपलं की सिमेंटचे गोळे, प्लॅस्टरचा चुरा, विटांचे तुकडे सगळं कुंपणाकडे लोटतात आणि वर चार बोटं लाल माती पसरून ‘गार्डन एरिया’ म्हणून दाखवतात. एक पहार घे आणि पाच-सहा ठिकाणी खुपसून बघ. खणकन आवाज आला तर खाली राडारोडा आहे. तो उकरून बाहेर काढल्याशिवाय पुढचं काहीच करू नकोस. सिमेंटही मातीला चुनाच पुरवतं, आणि गवताच्या मुळांना जागाही देत नाही.

चुना नको, मग गंधक टाकून माती आंबट करू का, असं तू विचारशीलच. तो मार्ग पुस्तकात बरोबर आहे, पण हिशेब ऐक. शंभर चौरस फूट जागा, अर्धा फूट खोल, म्हणजे साधारण पावणेदोन टन माती. तिच्यात शंभराला पाच भाग चुना धरला तर नव्वद किलोच्या आसपास चुना झाला. तो संपवायला अठ्ठावीस-एकोणतीस किलो गंधक लागेल, आणि इतकं करूनही खालून आणि पाण्यातून चुना येतच राहील. एवढी उठाठेव करू नकोस. जिप्समचंही तसंच: ते चोपण जमिनीचं औषध आहे, जिथे सोडियम वाढून माती दगडासारखी बसते. तपासणीत चोपण निघाली तरच त्याचा विचार कर. आपण माती बदलायच्या मागे लागायचं नाही, या मातीला मानवणारं गवत निवडायचं.

तपासणी मात्र कर, बाई. पाच-सहा जागी वीतभर खोल व्हीच्या आकाराचा खड्डा घे, त्याच्या कडेचा मातीचा काप काढ, सगळं एकत्र मिसळ, सावलीत वाळव आणि अर्धा किलो पिशवीत भर. खत टाकल्यानंतर लगेच घेऊ नकोस. जिल्हा मृद चाचणी प्रयोगशाळा आहे, पैठण रोडला कृषी विज्ञान केंद्र आहे, गांधेलीला एमजीएम संस्थेचं केंद्र आहे. सामू, क्षारता, मुक्त चुना, सेंद्रिय कर्ब आणि लोह, एवढं तरी विचार. कुणालाही रविवारी पाठवू नकोस, सगळं बंद असतं.

आता तू म्हणत होतीस ते पिवळेपण. मागच्या खेपेला लावलेलं गवत महिनाभर हिरवं राहिलं आणि मग कोवळी पानं पिवळी पडली, तर ते नत्राच्या उपासानं नाही. नत्र कमी पडलं की आधी जुनी पानं पिवळी होतात. कोवळ्या पानाच्या शिरा हिरव्या आणि मधल्या रेघा पिवळ्या, हे लोहाचं लक्षण. उसावर हेच आलं की शेतकरी ‘केवडा पडला’ म्हणतात. आपल्या मातीत लोह असतं, पण चुन्यामुळे ते मुळांना उचलता येत नाही. म्हणून हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, मातीत फेकून फायदा नाही, तेही तिथे अडकतं. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस आणि एक ग्रॅम लिंबूसत्व विरघळव आणि संध्याकाळी पानांवर फवार. आठ-दहा दिवसांनी परत एकदा. पोर्चची फरशी आधी झाकून घे, तिच्यावर थेंब पडले तर तांबडे डाग निघत नाहीत. दुकानदार चिलेटेड लोह देईल तेव्हा डब्यावर ईडीडीएचए लिहिलंय का बघ. ईडीटीए असेल तर ते आपल्या सामूत फार टिकत नाही.

पाण्याकडेही बघ. बोअरच्या पाण्यानं गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो ना, तोच थर रोज थोडा थोडा तू लॉनवर ओततेस. जायकवाडीचं नळाचं पाणी त्यामानानं बरं, पण ते रोज कुठे येतं? गच्चीवरचं पावसाचं पाणी टाकीत साठव, ते गवतासाठी सगळ्यांत उत्तम. आणि आरओचं फेकायचं पाणी बागेत सोडू नकोस. वाया जाऊ नये म्हणून बायका ते झाडांना घालतात, पण त्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात. त्यानं संडास-बाथरूम धू.

गवत कुठलं? मी तर हरळीच लाव म्हणते, तीच आपली दूर्वा. नर्सरीवाला मेक्सिकन दाखवेल, मखमलीसारखं कार्पेट दाखवेल. दिसायला देखणी आहेत, पण पाणी आणि लाड दोन्ही मागतात. हरळी सामू साडेआठपर्यंतही तग धरते, पायदळी तुडवलेली चालते. आठव, बाबा रानातली हरळी आणि कुंदा काढायला किती खोल नांगरट करायचे, उन्हाळाभर काशा वेचून बांधावर जाळायचे, आणि तरी मृगात तिचा कोंब वर यायचाच. रानात जिच्याशी आयुष्यभर भांडलो तीच इथे अंगणात हवी आहे आपल्याला. शिवाय गणपतीत दूर्वा विकत आणायला नकोत.

लावायची वेळ जून-जुलै, दोन चांगले पाऊस झाले की. त्याआधी मे महिन्यात जागा वीतभर खोदून उन्हात तापू दे. लव्हाळ्याच्या काळ्या गाठी हातानं वेच. एकही राहिली तर लॉनभर लव्हाळाच होईल. शेणखत पूर्ण कुजलेलं, काळं, वास नसलेलं घे. अर्धवट कुजलेल्यात लव्हाळा आणि गाजर गवताचं बी फुकट मिळतं. पोयटा माती आणलीस तर तिचीही व्हिनेगरनं परीक्षा कर. मग मुळासकट हरळीच्या काड्या चार-चार बोटांवर टोचून लाव, माती दाबून बसव. महिन्या-दीड महिन्यानं, जम बसल्यावर, शंभर चौरस फुटांना दीडशे-दोनशे ग्रॅम अमोनियम सल्फेट दे आणि लगेच पाणी सोड. युरियापेक्षा हे आपल्या मातीला बरं, मुळांजवळ थोडा आंबटपणा आणतं. पहिली कापणी घाई न करता, आणि कधीही पार जमिनीलगत नाही.

सुरूच्या सावलीत मात्र हरळीचा हट्ट धरू नकोस. तिला दिवसाचं सहा-सात तास ऊन लागतं, तिथे दोन तासही नाही. झाडं तोडायचा विचार मनातून काढून टाक, बीड बायपासच्या धुळीला तीच अडवतात. तिथे खालच्या सुया तशाच राहू दे, त्या ओल धरतात. कडेनं दोन विटांची ओळ लाव, आत स्पायडर प्लांट आणि नर्सरीवाले ज्याला मंकी ग्रास म्हणतात ते लाव. मूळ तोडून खड्डे करू नकोस, मुळांच्या मधल्या जागा शोध. लॉन उन्हाच्या बाजूला ठेव, आणि लहान ठेव. दहा बाय दहा पुष्कळ झालं. लेकरं लोळतील एवढं.

आणि एप्रिलमध्ये ते वाळलं तर घाबरून टँकर सांगू नकोस. या शहरात बायका पाण्यासाठी रात्री जागतात, तिथे गवतासाठी टँकर आणणं मला पटत नाही. हरळी वरून तपकिरी होते, पण तिच्या काशा खाली जिवंत असतात. आठवड्यातून एकदा, तेही भाज्या धुतलेलं पाणी मिळालं तर शिंपड, नाहीतर राहू दे. जूनमध्ये ती परत उठेल. तोवर मातीचा नमुना तपासून घे, आणि कागद हातात आला की त्याचा फोटो मला पाठव. लोहाचा आकडा आधी बघू, मग पुढचं ठरवू.