जाडी आणि नैराश्य एकाच जनुकातून येतात का?

प्रश्न : माझी आई आणि मावशी दोघीही अंगाने जाड आहेत आणि दोघींनाही डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत. नातेवाईक म्हणतात, ‘तुमच्या घराण्यातच आहे हे.’ माझी मुलगी चौदा वर्षांची आहे, आजीवर गेली आहे. लठ्ठपणा आणि नैराश्य खरंच एकाच जनुकामुळे येतात का? तिची जनुकीय तपासणी करून घ्यावी का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : एकच जनुक दोन्ही दुखणी देतं, असं नाही. पण दोन्हींची जनुकीय मुळं काही ठिकाणी एकमेकांत गुंतलेली आहेत, हे खरं. २०१८ साली नैराश्याचे सुमारे १ लाख ३५ हजार रुग्ण आणि ३ लाख ४५ हजार इतर माणसं यांच्या जनुकांची तुलना झाली. तीत नैराश्याशी संबंधित ४४ जागा सापडल्या. सर्वांत ठळक दोन जागा एनईजीआर-१ आणि ओएलएफएम-४ या जनुकांजवळ होत्या, आणि लठ्ठपणाचा अभ्यास करणाऱ्यांना ही दोन्ही नावं आधीपासून ठाऊक होती. वजनाशी निगडित बरीचशी जनुकं मेंदूत काम करतात. भूक कधी लागावी, पोट भरल्याचं समाधान कधी वाटावं, हे तिथंच ठरतं.

एकाच जनुकावर बोट ठेवण्याची घाई मात्र करू नये. एफटीओ हे जनुक २००७ मध्ये लठ्ठपणाशी जोडलं गेलं. त्याचा वजन वाढवणारा प्रकार आई आणि वडील दोघांकडून आलेला असेल, तर माणसाचं वजन सरासरी ३ किलोने जास्त भरतं. पुढे कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांना आढळलं, की हाच प्रकार असलेल्यांमध्ये नैराश्याची शक्यता ८ टक्क्यांनी कमी आहे! वजन वाढवणारं जनुक मनाला जपतं, अशा बातम्या झाल्या. तेवढ्यावरून जाड माणसं आनंदी असतात असं म्हणणं चूकच, कारण मोठ्या लोकसंख्येतलं चित्र नेमकं उलट दिसतं.

ते कसं? २०१० मध्ये अनेक दीर्घकालीन अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. लठ्ठ माणसांना पुढे नैराश्य येण्याची शक्यता ५५ टक्क्यांनी जास्त निघाली, तर नैराश्य असलेल्यांना पुढे लठ्ठपणा येण्याची ५८ टक्क्यांनी. मग आधी काय आणि नंतर काय? इथे जनुकांचा फार चांगला उपयोग होतो. आपली जनुकं गर्भातच ठरतात. नंतरचं दुःख, औषधं, गरिबी त्यांना बदलू शकत नाहीत. म्हणून वजन वाढवणारे जनुकीय बदल ज्यांच्यात जास्त, त्यांच्यात नैराश्यही जास्त आढळलं, तर वजन हे नैराश्याचं एक कारण आहे असं म्हणायला आधार मिळतो. एक्सेटर विद्यापीठातल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘यूके बायोबँक’मधल्या लाखो लोकांच्या माहितीवर हेच करून पाहिलं. जनुकांमुळे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) साधारण ५ ने जास्त असेल, तर नैराश्याची शक्यता १८ टक्क्यांनी वाढलेली दिसली. स्त्रियांमध्ये त्याहून थोडी जास्त.

या अभ्यासाचा पुढचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. काही जनुकीय बदल असे आहेत, की ते अंगावर चरबी वाढवतात, पण मधुमेह आणि हृदयविकारापासून मात्र वाचवतात. जाड माणसाला नैराश्य येतं ते केवळ या आजारांमुळे, असं असतं तर हे बदल असलेली माणसं त्यातून सुटायला हवी होती. ती सुटलेली दिसली नाहीत. या निष्कर्षाची संख्याशास्त्रीय खात्री थोडी कमी आहे, पण दिशा तीच होती. म्हणजे जाड शरीर घेऊन चारचौघांत वावरताना जे सोसावं लागतं, तेही मन खचवत असावं. वर्गातली चिडवाचिडवी, लग्न ठरवतानाच्या नजरा, पंगतीत ‘तू जरा बेतानं घे’ असं ऐकणं. तुमच्या नातेवाइकांना कृपा करून हे सांगा : घराण्याचं नाव घेऊन मुलीसमोर रोज केलेली टिप्पणी हीच तिच्या मनाला सर्वांत जास्त धोक्याची ठरू शकते. जनुकं बदलता येत नाहीत, ही टिप्पणी आजपासून थांबवता येते.

दुसरी गोष्ट, प्रत्येकाचं नैराश्य सारखं नसतं. काहींची अन्नावरची वासनाच उडते, काहींची भूक आणि वजन वाढतं. २०१७ च्या एका अभ्यासात लठ्ठपणाशी जनुकीय नातं दुसऱ्या प्रकाराचंच आढळलं. तुमच्या आईचा प्रकार कोणता, हे डॉक्टरांशी बोलून समजून घ्या.

तपासणीबद्दल : नको. प्रत्येक बदलाचा परिणाम इतका बारीक असतो, की त्यांची बेरीज करूनही एका मुलीचं भविष्य सांगता येत नाही. शिवाय यातली बहुतेक माहिती युरोपीय वंशाच्या लोकांची आहे. आपली शरीरं वेगळी असतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा बीएमआय सारखाच, २२.३ होता, चरबी मात्र याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के आणि युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के! तिकडचे आकडे आपल्या मुलांना जसेच्या तसे लावता येत नाहीत. तपासणीला अर्थ असतो तो फार थोड्या मुलांमध्ये : अगदी तान्हेपणापासून वजन झपाट्याने वाढतं आणि भूक काही केल्या शमत नाही, तेव्हा.

मुलगी दोन आठवड्यांहून जास्त काळ उदास राहिली, झोप बिघडली, मैत्रिणींत मिसळेनाशी झाली, तर मात्र वाट न पाहता मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते. आणि आईच्या गोळ्यांची चिठ्ठी एकदा घेऊन जा. मिर्टाझापिनसारखी काही औषधं स्वतःच भूक आणि वजन वाढवतात. त्यांना पर्याय असतात, पण गोळी मनाने बंद करू नये. बदल डॉक्टरांनाच करू द्यावा.