आधी हूक बघा, मग पिन लावा

कर्नाटकातल्या होसकोट्याच्या औद्योगिक वसाहतीत मी मेंटेनन्सचं काम करतो. आमच्या शॉपमध्ये क्रेनच्या हूकची लॅच तुटलेली दिसली, तर त्या हूकला कुणी माल लावत नाही. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ मधल्या कलम २९ प्रमाणे उचलण्याची यंत्रं, साखळ्या आणि दोर यांची सक्षम व्यक्तीकडून वर्षातून किमान एकदा कसून तपासणी करून घ्यावी लागत असे. शिफ्ट संपवून जिमला गेलो की मात्र आम्हा सगळ्यांचं लक्ष एकाच गोष्टीवर असतं: पिन कितव्या प्लेटला आहे.

आमच्यातल्याच एकाला हे महागात पडलं. लॅट पुलडाउनचा लांब बार त्याने जोरात खाली ओढला आणि बार हूकमधून सुटून सरळ त्याच्या भुवईवर आला. मागे प्लेटा धाडकन आदळल्या. टाके घालावे लागले, डोळा थोडक्यात वाचला. नंतर हूक हातात घेऊन पाहिला, तर तोंडाची स्प्रिंग ढिली होती. तोंड बंद करणारी दांडी पूर्ण मिटतच नव्हती आणि बारची कडी हूकच्या पोटात न बसता तोंडाशीच अडकलेली होती. असं काही अंगठ्याने एकदा दाबून पाहिलं असतं तरी कळलं असतं.

म्हणून माझा पहिला सल्ला: हँडल अडकवलं की हूकची दांडी दाबून सोडा. ती आपोआप टक्कन मिटली पाहिजे. मग हलक्या हाताने एक ओढ देऊन बघा. केबलवरून नजर फिरवा, विशेषतः हूकजवळच्या टोकावर. या केबलमध्ये बहुधा ७ पेड असतात आणि प्रत्येक पेडात १९ तारा, म्हणजे एकूण १३३. वरचं प्लास्टिक फाटून एखादी तार बाहेर डोकावत असेल, तर त्या मशिनवर बसू नका आणि ट्रेनरला लगेच सांगा. तार बोटात घुसते ती वेगळीच.

आता हँडलांकडे वळू. वजन किती हे प्लेट ठरवते, पण ते मनगटावर, कोपरावर की खांद्यावर कसं येणार, हे हातातलं हँडल ठरवतं. सरळ बार धरला की दोन्ही मनगटं एकाच कोनात अडकतात. ट्रायसेप पुशडाउनला कोपर किंवा मनगट कुरकुरत असेल, तर वजन कमी करण्याबरोबर रोप लावून पाहा. रोपमध्ये तळवे समोरासमोर राहतात, मनगट आपल्या सोयीने वळतं. मात्र त्याच मशिनवर रोपने वजन कमी उचललं जातं, त्यात कमीपणा नाही. रोपच्या टोकाची रबरी बोंडं घट्ट आहेत ना, तेही पाहून घ्या. बायसेपसाठी वाकडा बार मनगटाला सुसह्य. बसून रोइंग करताना जोड हँडल चांगलं. लांब बार खांद्यापेक्षा थोडा रुंद धरा आणि छातीकडे आणा. मानेमागे ओढलात तर खांदा अडचणीच्या कोनात जातो. एकेरी हँडलने डावा-उजवा फरक चटकन उघडा पडतो. सुरुवात कमजोर हाताने करा आणि दुसऱ्या हातालाही तेवढेच रेप द्या.

पायाच्या व्यायामाला घोट्याचा पट्टाच वापरा. बूट हातातल्या हँडलमध्ये खुपसून लाथ मारणारे बरेच दिसतात. पाय सटकला की हँडल उलट वेगाने परत जातं.

आणखी एक घोळ आकड्यांचा. काही मशिनमध्ये प्लेटांच्या चळतीवरही एक फिरती पुली असते. तिथे २० किलोला पिन लावली, तरी हाताला साधारण १० किलोच जाणवतात. बदल्यात केबल दुप्पट लांब ओढावी लागते. काही ठिकाणी आकडे किलोत नसून पौंडांत असतात. त्यामुळे एका जिममधला आकडा दुसरीकडे तसाच लावू नका. नव्या मशिनवर पहिला सेट हलका घ्या. आमचा ट्रेनर दर सेटला "निधान सर, निधान" म्हणतो, म्हणजे कन्नडमध्ये सावकाश. प्लेटा आपटत असतील, तर वजन तुमच्या ताब्यात नाही असं समजा.

हूक खराब दिसला तर स्वतः मशिन सोडून गप्प बसू नका. हँडल काढून ठेवा, मशिनवर चिठ्ठी लावा आणि मालकाला नवा हूक आणायला लावा. तुमच्यानंतर तिथे येणारा माणूस पिनच पाहणार आहे.